वहिनींची चायना

आमच्या नाटक कंपनीत वहिनी म्हटलं की एकच. रंगमंचापुढच्या खड्ड्यात ड्रमसेटमागे बसलेली बाई. प्रेक्षकांना तिचा फक्त अंबाडा दिसायचा. मूळची ती आमच्या ड्रमरची बायको. त्याचं मनगट कामातून गेलं, तेव्हा "चार दिवस मी सांभाळते" म्हणून बसली, ती बसलीच. सासूबाईंची झोपमोड नको म्हणून घरी उशांवर सराव केलेला हात तो! आदळआपट त्याला ठाऊकच नव्हती. मी जन्मभर घसा फोडून टाळ्या मिळवल्या. तिनं कुणाच्या टाळीत कधी वाटा मागितला नाही, पण आमची एकही टाळी तिच्या हाताशिवाय पडली नाही.

त्या वर्षीच्या नाटकात नवरा रागानं टेबल उलथतो. त्यावर चायनाचा एक तडाखा, आणि लगेच नायिका जेमतेम ओठ हलवत म्हणते, "मी निघते." चायना म्हणजे कड उलटी मुडपलेली झांज. बाकीच्या झांजा गातात, ही खेकसते. वहिनींची जुनी चायना तडकली होती आणि उसनी आणलेली खेकसायला लागली की थांबायचं नावच घेत नव्हती. वाक्य बुडायचं. नाटकाचा प्राणच त्या दोन शब्दांत, त्यामुळे दिग्दर्शक कातावला.

"वहिनी, सोमवारच्या तालमीत मी शेवटच्या रांगेत बसणार. वाक्य ऐकू आलं नाही तर ड्रम बंद. रेकॉर्डिंगवाला मशीन घेऊन तयारच आहे."

वहिनी "बरं" म्हणाल्या. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, उद्या दुकानात चला माझ्याबरोबर. तुमचं तोंड हवंय."

वाद्यांचं दुकान म्हणजे लांबट बोळ. दुकानदारानं पहिल्यांदा परातीएवढी चायना काढली. "वहिनी, ही न्या. अख्खं थिएटर हादरेल!"

"थिएटर हादरवून मला कुठं जायचंय? तुम्ही वाजवा, मी ऐकते."

आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. झांज निवडायची तर दुसऱ्यानं वाजवायची आणि आपण पाठ करून ऐकायचं, ही त्यांची रीत. स्वतः वाजवलं की हाताचं कौतुक कानात शिरतं, असं त्या म्हणायच्या. दुकानदारानं तडाखा दिला की मी म्हणायचं, "मी निघते."

पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी जाडजूड, लखलखीत. तिच्यावर आम्ही तिघंही खूश. दुकानदार खोक्यात घालायला लागला, एवढ्यात वहिनी गर्रकन वळल्या.

"थांबा, थांबा! घोटाळा झालाय. भाऊजी, जरा हळू म्हणा बघू."

"हळूच तर म्हणतोय!"

"हे हळू? पलीकडच्या गल्लीतलं कुणीतरी निघालं असेल एव्हाना! तुमच्या आवाजापुढे कुठलीही झांज गरीबच वाटणार."

दुकानदार पोट धरून हसला. शेवटच्या रांगेसाठी घडवलेला गळा माझा, बोळात मावणार कसा!

बिलं करणाऱ्या मावशी गल्ल्यावर बसल्या होत्या. सर्दीनं त्यांचा आवाज बसलेला. वहिनींनी त्यांनाच पुढे ओढलं.

"अगं बाई, मला नाटक कुठं येतंय?"

"म्हणूनच तर! घरी निघताना म्हणता ना, तसंच म्हणा."

मावशी पदराशी चाळा करत पुटपुटल्या, "मी निघते." लखलखीत चायनानं ते शब्द गिळून टाकले. पुन्हा एकेक झांज फिरली. अखेर एक पातळ, काळपट चायना वाजली. फिस्सकन पेटली आणि विझली, आणि मागोमाग मावशींचे दोन्ही शब्द स्वच्छ आले.

"हीच," वहिनी भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"पातळ आहे हो, तडकेल," दुकानदार कळवळून म्हणाला.

"दुसऱ्याच्या हातात तडकेल."

सोमवारी दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसला. वहिनींनी चायना उलटी टांगली, तिला आवळणारी वरची चकती सैल ठेवली. टेबल उलथलं. काठी कडेवरून निसटती गेली, एक खेकसणं आलं, आणि त्यामागे अशी शांतता पडली की नायिकाच क्षणभर बावरली. मग म्हणाली, "मी निघते."

मागून आवाज आला, "परत."

परत टेबल, परत चायना, परत ते वाक्य. दिग्दर्शक उठला आणि खुर्च्यांमधून चालत थेट खड्ड्याच्या कठड्यापाशी आला. वहिनी काठ्या मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"वहिनी, दुसऱ्या अंकात नवरा पत्र फाडतो ना," तो म्हणाला, "तिथंही हे देता येईल?"

"तिथं इतकं नको," वहिनी म्हणाल्या. "तिथं नुसती काठी टेकवते. ऐकून बघा."