निवड होण्याआधीचं अभिनंदन

लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर चोवीस तासांच्या आत माझी हवाई दलात निवड झाली. ही निवड हवाई दलानं केली नव्हती, माझ्या चुलत्यांनी केली होती.

चुलते म्हणजे पंचायत समितीचे इच्छुक. मला कळायला लागल्यापासून ते इच्छुकच आहेत. इच्छुक माणसाला दर पंधरा दिवसांनी चौकात फ्लेक्स लावायला काहीतरी निमित्त लागतं. त्या वर्षी गणपती जाऊन झाले होते, नवरात्राला अवकाश होता आणि कुठल्याही बड्या नेत्याचा वाढदिवस जवळ नव्हता. अशा भाकड दिवसांत मी पास झाले.

मी फक्त लेखी पास झाले होते. कॉम्प्युटरवर दोन तासांत सोडवायचे शंभर प्रश्न. त्यानंतर हवाई दलाच्या निवड बोर्डापुढे पाच दिवसांच्या मुलाखती आणि चाचण्या, त्यातून निघालात तर मेडिकल, मग देशभराची यादी आणि तिच्यात नाव आलं तरच निवड. हे मी काकांना खुर्चीत बसवून सांगितलं. त्यांनी ते मतदाराचं गाऱ्हाणं ऐकावं तसं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "ते तुमचं टेक्निकल झालं. पास झाली का न्हाई, तेवढं सांग."

"झाले, पण..."

"मग झालं की!"

दुसऱ्या दिवशी हायवेवरून आमच्या गावाकडं वळायच्या चौकात बारा बाय आठचा फ्लेक्स लागला. 'भारतीय हवाई दलात अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर ठळक अक्षरांत 'आपल्या मातीतली वाघीण'. आमच्या शिवारात उसातून बिबटे फिरतात, वाघ कुणाच्या आज्यानंही पाहिलेला नाही. माझा फोटो प्रवेशपत्रावरचा होता. फ्लेक्सवाल्यानं फक्त डोकं घेऊन ते वर्दीतल्या एका धडावर बसवलं होतं. धड पुरुषाचं होतं. वर्दी हिरवी, म्हणजे भूदलाची होती आणि छातीवर इतकी पदकं होती की त्या गृहस्थांनी किमान दोन युद्धं जिंकली असावीत. मी काकांना म्हटलं, हवाई दलाची वर्दी निळी असते. ते म्हणाले, "लांबनं कोन बघतंय, राव!"

डाव्या बाजूला स्वतः काका होते, हात जोडून, माझ्या दुप्पट आकाराचे. खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो. त्यातले बरेच जण मला ओळखत नव्हते आणि एक जण तर वारलेले होते. जुन्या फ्लेक्सवरून ते तसेच पुढं आले होते, कुणी काढलं नव्हतं.

मला राग आला. पण त्या रागात मी एकटीच होते, कारण आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, फ्लेक्स आवडला होता. आप्पा पिंपळवंडीच्या पुढं आमच्या वस्तीवर टोमॅटो आणि कांदा करतात. चौकात रेंगाळणारा माणूस नव्हे. मालाची क्रेट घेऊन नारायणगावला जायचं आणि खाली मान घालून परत यायचं. मला अवसरीला इंजिनियरिंगला घातलं तेव्हा भावकीनं त्यांना सुनावलं होतं की पोरीला एवढं शिकवून तिच्या मापाचा नवरा कुठून आणणार आहेस. त्यावर त्यांनी जाऊन माझी फी भरली होती. आता मात्र ते चौकात गाडी थांबवायला लागले. टपरीवर चहा घ्यायचे आणि फ्लेक्सकडं पाठ करून बसायचे, म्हणजे समोरच्याला तो दिसावा.

मला विमान चालवायचं होतं. अवसरीला हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना कधीतरी सरावाची लढाऊ विमानं वरून जायची. आवाज कानावर येईपर्यंत विमान पुढं गेलेलं असायचं. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले होते. हे मी घरी कधी बोलले नव्हते. घरात बोलायचं तर 'सरकारी नोकरी' एवढंच पुरत होतं.

नोव्हेंबरात म्हैसूरला बोर्डापुढे गेले. पहिल्या दिवशी चाळणी असते. एक अंधूक, मुद्दाम धुरकट केलेलं चित्र अर्धा मिनिट दाखवतात. ते बघून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून सगळ्यांनी मिळून त्या चित्राची एक गोष्ट ठरवायची. चित्रात मला दोन माणसं आणि त्यांच्यामागं एक मोठी चौकट दिसली. मी लिहिलं, वनखात्याचे लोक उसाच्या कडेला बिबट्यासाठी पिंजरा लावतायत. माझ्या मते ते इतकं उघड होतं की दुसरं काही असूच शकत नव्हतं.

गटात बाकी चौदा मुली होत्या. कुणाला हॉस्पिटल दिसलं होतं, कुणाला पुरातून माणसं वाचवणारी तुकडी. क्लास लावून आलेल्यांना पुरातली तुकडीच दिसते, हे मला नंतर कळलं. मी पिंजऱ्याचं बोलले तेव्हा दिल्लीकडच्या एका मुलीनं विचारलं, "पर गाँव में तेंदुआ आएगा ही क्यों?" आता या प्रश्नाला काय उत्तर देणार? बिबट्या येतो. आमच्याकडं संध्याकाळी शेळ्या आत घेताना आई त्याच्या नावानं शिव्या घालते. मी तिला पिंजऱ्यात शेळी कुठं बांधतात ते समजावत बसले आणि गट हॉस्पिटलवर एकमत करून मोकळा झाला. नंतर निवडलेले नंबर वाचले, त्यात माझा नव्हता. आम्हा उरलेल्यांना जेवायला घातलं, अगदी आदबीनं, आणि बसमध्ये बसवून स्टेशनवर सोडलं. पाच दिवसांचे कपडे घेऊन गेलेली मी अर्ध्या दिवसात बाहेर पडले होते.

स्टेशनवरून आप्पांना फोन केला. "आप्पा, नाही झालं माझं."

ते म्हणाले, "जेवलीस का?" जेवले म्हटल्यावर म्हणाले, "ये घरी. पर गावात यवढ्यात बोलू नको."

त्यांना सावरायला चार दिवस लागतील, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. घरी आले तर आप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलाखत झाली, आता ट्रेनिंगचं पत्र यायचं तेवढं बाकी आहे. भेटेल तो 'मॅडम' म्हणायला लागला. ज्या भावकीनं नवऱ्याच्या मापाची काळजी केली होती, ती आता "विमानातनं आमालाबी एक चक्कर मारा" म्हणू लागली. आई शेजारणीला सांगत होती की तिथं जेवण चांगलं असतं. तेवढं मात्र खरं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुढच्या परीक्षेचा फॉर्म निघाला. विमान चालवणाऱ्यांच्या शाखेला प्रशिक्षण सुरू होताना वय चोवीसच्या आत लागतं. माझ्या जन्मतारखेचा हिशोब मी दहा वेळा केला आणि दहाही वेळा उत्तर तेच आलं. हा शेवटचा फॉर्म. मी आप्पांना सांगितलं.

आप्पा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "न्हाई भरायचा."

"का?"

"निवड झालेलं मानूस परत फॉर्म भरतंय व्हय? लोक काय म्हंतील?"

मला आधी हसू आलं. माझी निवड झाली आहे म्हणून मी निवड होण्यासाठी प्रयत्न करायचा नाही! आप्पांच्या चेहऱ्याकडं पाहिलं तेव्हा हसू गेलं. ते गंमत करत नव्हते. चौकातली चहाची जागा त्यांना सोडवत नव्हती आणि तिची किंमत म्हणून त्यांनी माझं विमान देऊन टाकलं होतं. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. इतका राग मला त्यांचा आयुष्यात कधी आला नव्हता.

फॉर्म मोबाईलवरून गुपचूप भरता आला असता. मैत्रिणींनी तेच सुचवलं. पण पुढं परीक्षेला पुण्याला जायचं, पास झाले तर पाच दिवस बोर्डापुढे, दर वेळी आप्पांना काय सांगायचं? आणि मी चोरी कसली केली होती? मी फक्त नापास झाले होते.

तेवढ्यात शाळेचं स्नेहसंमेलन आलं आणि मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. आप्पा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, शेजारी काका. मी माईकपुढं उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "माझी हवाई दलात निवड झालेली नाही. मी फक्त लेखी पास झाले. मुलाखतीला पहिल्याच दिवशी मला परत पाठवलं."

सूत्रसंचालक सरांनी लगेच माईक घेतला. "बघा मुलांनो! एवढ्या मोठ्या पदावर जाऊनही पाय जमिनीवर! याला म्हणतात विनय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी परत माईक मागितला, तेवढ्यात चौथीच्या मुलींचं कोळीगीत सुरू झालं. आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पायांकडं बघत होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. गावात बातमी पोचवायची तर माईकचा काही उपयोग नाही. त्यासाठी सेवा केंद्रात जावं लागतं.

आमच्याकडं सेवा केंद्रात सकाळी सातबाऱ्याची, पीकविम्याची आणि बायकांच्या केवायसीची एकच गर्दी असते आणि ज्याचा अंगठा मशीन घेत नाही तो इतरांचे फॉर्म ऐकत बसतो. मी मुद्दाम त्या वेळेला गेले. पुढं जाऊन खणखणीत आवाजात म्हटलं, "हवाई दलाच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय. माझा."

केंद्रवाल्यानं मान वर केली. "तुमचा? तुमची तर निवड झाली ना, मॅडम?"

"नाही झाली. नापास झाले."

"काय सांगताय राव!" म्हणत त्यानं साईट उघडली. फोटो चढला, सही चढली. अंगठ्याचा ठसा चढेपर्यंत बाकावरचे तिघं फोन घेऊन बाहेर गेले होते. दहावी-बारावीचे गुण भरून होतात न होतात तोच बाहेर आप्पांच्या गाडीचा आवाज आला.

आप्पा दारात उभे राहिले. शेतातूनच आले होते, हातांना टोमॅटोच्या झाडांचा हिरवा-काळा चीक तसाच होता. सगळं केंद्र त्यांच्याकडं बघायला लागलं. केंद्रवाला म्हणाला, "आप्पा, ही काय म्हंती बघा. निवड झाली न्हाई म्हंती."

बाकावर एक म्हातारे पावणे होते, लग्नकार्यात मध्यस्थी करणारे. त्यांनी लगेच प्रकरण सांभाळून घेतलं. "आरं, ही वरची परीक्षा आसंल. परमोशनची. आसतात त्यांच्यात."

वाट अगदी मोकळी करून दिली होती. आप्पांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा ते हो म्हणणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "परमोशन न्हाई न् काय न्हाई. नापास झाली ती. अर्ध्या दिसात माघारी धाडली. तिनं मला त्याच दिशी सांगितलं व्हतं. खोटं मी बोललो, म्हयनाभर."

मी त्यांना लाज आणायलाच तिथं गेले होते, हे मला आता कबूल करायला हवं. गर्दीची वेळ मी त्यासाठीच निवडली होती. आणि आता लाज वाटत होती ती मला. माझे डोळे भरून आले आणि समोरच्या स्क्रीनवरचं काही दिसेना.

म्हातारे पावणे आप्पांचं सांत्वन करायला सरसावले. "जाऊ द्या हो. पोरीची जात हाय. नसंल झेपलं. आता एखादं बरं स्थळ..."

आप्पा बाकावर त्यांच्या शेजारी बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

"पावणं," ते म्हणाले, "तिचा फॉर्म भरून व्हऊ द्या. तंवर गप बसा."