सहा वीसची टिक

एवढ्या मोठ्या निर्मात्याच्या विरोधात बोलताना भीती नाही वाटली का, असं लोक मला विचारतात. वाटली. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, आणि ती कशाची, हे ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून लिहून ठेवते. लिहून ठेवणं मला जमतं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं स्टोअर सांभाळलं. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत सगळं माझ्या वहीतून आत यायचं आणि वहीतूनच बाहेर जायचं. हा निर्माता तेव्हा तिथंच ठेकेदाराचा सुपरवायझर होता, मूळचा आमच्या पाचोडचाच. बजाजनगरात आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचा, सुट्टीच्या दिवशी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. बोलायला गोड आणि दुसऱ्याकडून काम काढून घेण्यात वाघ. एक दिवस स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, पिक्चर काढतोय."

"कुणाच्या जिवावर?"

"तुमच्या. पाचोडच्या बाजाराचा सीन आहे. साठ माणसं पाहिजेत, त्यात पंचवीस बाया. बाया माझं ऐकत नाय, तुमचं ऐकतील."

मी दारोदार फिरले. घरोघरी एकच प्रश्न होता, "परत कवा येणार, अन् आणून कोण सोडणार?" तिथंच मी नियम केला. प्रत्येकीचं नाव वहीत, पुढच्या रकान्यात गाडी, आणि घरी पोचली की तिनं मला मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला की वेळ लिहायची आणि टिक करायची. शेवटची टिक होईपर्यंत मी जेवणार नाही, असं सांगितल्यावर बाया हसल्या, पण आल्या. नवरा सुरुवातीला चिडायचा. नंतर तोच विचारायला लागला, "किती राहिल्या? भाजी गरम करू का थांबू?"

पिक्चर चालला. दुसरा त्याहून चालला. तिसऱ्याच्या वेळी मी नोकरी सोडली आणि माणसं, गाड्या, जागा असं सगळं त्याच्यासाठी बघू लागले. बजाजनगरची खोली सुटली, जालना रोडला तीन मजली ऑफिस झालं. चौकाचौकात त्याचे फलक लागले, वाढदिवसाचेसुद्धा. मुंबईची माणसं त्याच्या दारात बसून राहायची. त्यानं हो म्हटलं की पोरगा हिरो व्हायचा, नाही म्हटलं की दुसऱ्याच्या पिक्चरमध्येसुद्धा काम मिळायचं नाही. सगळे त्याला शेठ म्हणायचे. मी जुन्या ओळखीनं भाऊच म्हणत राहिले. नवीन लोकांपुढं तो माझी वही उंच धरायचा. "आमच्या ताईची वही म्हणजे सातबारा. तिच्यात असंल तर आहे, नसंल तर नाय." मला ते ऐकायला आवडायचं. हेही लिहून ठेवते.

त्या दिवशी पैठण रोडला त्याच्या फार्महाऊसवर नाचाचं शूटिंग होतं. बिडकीनकडच्या सहा मुलींची एक गाडी होती. चार वाजता काम संपलं. त्याच दिवशी पाचोडला माझ्या भाचीची हळद होती आणि मला उशीर झालेला होता. रस्त्यात असतानाच पाच जणींचे कॉल आले. सहावीचा येईना. तिचा फोनही लागेना. मी त्याला फोन केला.

"भाऊ, एक राहिली."

"पोस्टरचे फोटो होते, म्हणून मीच थांबवलं होतं. घरी पोचली ती. तुम्ही टिक मारा अन् हळदीला जा. मामी तुम्ही, लोक वाट बघत असतील."

मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून वीस मिनिटं. रिक्षावाल्याला क्षणभर थांबवून, मांडीवर वही ठेवून टिक केली. नेहमीप्रमाणे पानाचा फोटो युनिटच्या ग्रुपवर टाकला. हळदीत पहिल्या पंगतीला बसले. जेवले.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी तिच्या आईबरोबर माझ्या घरी आली. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. मुलगी बावीस वर्षांची, कॉलेज करून नाच शिकवणारी. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मावशी, तुमच्या वहीत मी किती वाजता घरी पोचले?"

मी वही उघडली. "सहा वीस."

"मी सव्वाआठला पोचले. माझा फोन त्यानं काढून घेतला होता. तुम्हाला मिस्ड कॉल आला होता का?"

"नाही."

"मग टिक कशी?"

आई इतका वेळ जमिनीकडे बघत होती. ती म्हणाली, "बाई, तुमच्या वहीवर पाठवलं व्हतं मी हिला. त्याच्या पिक्चरवर नाय."

मधल्या दोन तासांत काय झालं ते तिनं पोलिसांना आणि नंतर निर्मात्यांच्या संघटनेनं नेमलेल्या चौकशी समितीला सांगितलं. ते तिचं आहे, मी इथं लिहिणार नाही. मी माझ्यापुरतं सांगते. ती गेल्यावर मी मोबाईलमधल्या कॉलच्या यादीचे फोटो काढायला बसले. जुने कॉल आपोआप पुसले जातात, हे मला ठाऊक होतं. त्या पिक्चरच्या सगळ्या दिवसांचे कॉल वहीतल्या वेळांशी लावून बघितले. एकशे बावीस वेळा टिक होती. कॉल एकशे एकवीस.

आठवड्यानं तो स्वतः घरी आला. सोफ्यावर ऐसपैस बसला.

"ताई, तुम्हाला काही करायचं नाय. समितीपुढं वही ठेवायची, बास. वही बोलंल."

"वहीतली ती ओळ तुम्ही सांगितली म्हणून लिहिली मी."

"लिहिली ना? तुमच्याच हातानं. आता खोटी म्हणाल तर पंधरा वर्षांची वही खोटी पडंल. तुम्हाला उद्या कोण काम देणार? अन् ती पोरगी कोण, कुठली? आपण आपल्या माणसाचं बघावं."

'आपल्या' हा शब्द त्यानं असा दाबून म्हटला की मला अर्थ कळावा. कळला. त्या मुलीच्या दारावर पंचशील ध्वज आहे आणि आमच्या घरी पाचोडला जमीन आहे, एवढाच तो अर्थ. नवऱ्यानं चहा टाकला होता. मी आत जाऊन गॅस बंद केला, बाहेर येऊन दार उघडलं आणि उभी राहिले. त्याला उठायला थोडा वेळ लागला. दारात उभं राहून तो म्हणाला, "लई महागात जाईल."

"जाऊ द्या," मी म्हटलं.

समिती शहरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात बसली होती. त्याचा वकील तरुण होता, तयारी करून आला होता. समितीनं आधीच मागवून घेतलेल्या माझ्या वहीला त्यानं रंगीत खुणांच्या पट्ट्या लावल्या होत्या.

"ही वही तुमची? अक्षर तुमचं?"

"हो."

"आजवर यातली एकही नोंद चुकलेली नाही, असं तुम्ही एका मुलाखतीत म्हणालात. बरोबर?"

"म्हणाले होते. चुकीचं म्हणाले. एक नोंद खोटी आहे. सहा वीसची. कॉल आला नव्हता. मी हळदीला निघाले होते, मला उशीर झाला होता, आणि शेठनी फोनवर सांगितलं म्हणून मी टिक केली."

तो हसला. "मग बाकीच्या नोंदी खऱ्या कशावरून? एक खोटी लिहिणारी बाई दहा लिहील."

"म्हणूनच हे आणलंय," असं म्हणून मी फोटोंची फाईल टेबलावर ठेवली. "प्रत्येक टिकेच्या मिनिटभर आधी एक मिस्ड कॉल आहे. तुम्ही एकेक लावून बघा. मी दोनदा लावलंय. एकाच ठिकाणी कॉल नाही."

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि खरोखरच एकेक ओळ तपासली. पाऊण तास लागला. मी उभीच राहिले, कुणी बसा म्हटलं तरी.

त्यानंतर आणखी चौघी पुढं आल्या. दोघी तर सात-आठ वर्षांपूर्वीच्या. त्यांना तारखा आठवत नव्हत्या. माझ्या जुन्या वह्यांमध्ये होत्या. पिक्चर अर्धवट थांबला, मुंबईची माणसं यायची बंद झाली, खटला उभा राहिला. जालना रोडच्या ऑफिसात आता क्लास चालतात. आमच्या चौकातला फलक कुणी उतरवला माहीत नाही. लोखंडी चौकट तेवढी राहिली आहे, तिच्यावर मोबाईलची जाहिरात लागते.

लोक बोललेच. जाऊबाई भर लग्नात म्हणाल्या, "आपल्या गावाचं नाव मोठं केलं व्हतं त्यानं. काय मिळवलं तुम्ही?"

"गावाचं नाव माझ्या वहीत नव्हतं, अक्का. त्या पोरीचं होतं."

दीड वर्ष मला कुणी काम दिलं नाही. ज्यांना मी गर्दीत उभं राहायला शिकवलं, ते फोन उचलत नव्हते. मी एका शाळेच्या बसचं वेळापत्रक बघत होते. मग या हिवाळ्यात एका नव्या दिग्दर्शिकेचा फोन आला. म्हणाली, वही चालेल, पण सोबत ॲपही ठेवा, त्यात सगळ्यांचं लोकेशन दिसतं. मी म्हटलं, ठेवा. लोकेशन फोनचं दिसतं. मला बाई घरी पोचलेली कळली पाहिजे.

पहिल्या दिवशी आठ जणी होत्या. सात जणींचे कॉल आले. आठवी बिडकीनचीच, नवीन. फोन बंद. ॲपवर तिचा ठिपका रस्त्यातच कुठंतरी अडकलेला. दिग्दर्शिका म्हणाली, "अहो, पोचली असेल. ड्रायव्हर सोडलं म्हणतोय ना." नवऱ्यानं काही न विचारता स्कूटरची किल्ली काढली.

बिडकीनला तिच्या दारात पोचलो तर ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. चार्जिंग संपलं म्हणे. तिची सासू आतून बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी आलात व्हय, संभाजीनगराहून?"

"व्हय," मी म्हटलं. "एवढ्यासाठीच."

तिच्या ओट्यावर बसून मी वही उघडली, वेळ लिहिली आणि टिक केली. मग घरी येऊन आम्ही जेवलो.