व्याह्यांना दिलेले ग्रह

माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख काढायला पाहुणे आले, तेव्हा मी निम्म्या आकाशगंगेचा मालक होतो. पोहे संपेपर्यंत माझ्याकडे एक चंद्रही उरला नाही.

आकाशगंगा काँप्युटरवरची, हे सांगून टाकतो. (खऱ्या आयुष्यात आदिलाबादला माझ्या नावावर एक घर आणि एक स्कूटर आहे, आणि स्कूटरची किल्ली बायकोकडे असते.) हा खेळ मला फार आवडतो, कारण त्यात घाई नाही. बुद्धिबळासारखं आळीपाळीनं खेळायचं. आपल्या पाळीत एखाद्या ग्रहावर वस्ती करायची, शेती लावायची, जहाजं बांधायची आणि 'पाळी संपली' या बटणावर बोट ठेवायचं. मग समोरच्याचं चालू द्यावं, आपण चहा प्यावा. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला याहून सोयीचं युद्ध कुठे मिळणार!

खेळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सल्लागार होतो. (नेमणूक माझी मीच केली होती.) नव्या खेळाडूंना माझं सांगणं असे: सुरुवातीलाच दहा ग्रहांकडे धावू नका, दोनच घ्या पण नीट पिकवा. महागड्या तोफांपेक्षा स्वस्त जहाजं जास्त बरी. शेजाऱ्याशी गोड बोला, पण सीमेवर पहारा ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिसऱ्याला विसरू नका! हा तिसरा म्हणजे काँप्युटर स्वतः चालवतो ते राज्य. त्यातले प्राणी गुलाबी आणि वळवळणारे. आमच्या कापसाच्या मुलखात त्यांना दुसरं नाव मिळणं शक्यच नव्हतं. मी त्यांना बोंडअळी म्हणतो.

तर पल्लवीला, म्हणजे माझ्या मुलीला, निर्मल गावच्या गोविंदरावांचा मुलगा पसंत होता. मुलालाही ती पसंत होती. पहिल्या भेटीत मला कळलं की गोविंदराव रिटायर झाल्यापासून हाच खेळ खेळतात. झालं! मी तिथेच छाती काढून म्हणालो, "या खेळात मला अजून कुणी हरवलेलं नाही!"

"हाव का?" गोविंदराव म्हणाले. "मंग तारीख काढायले येऊ तवा एक डाव होऊनच जाऊ द्या."

ते जाताच घरात माझी पेशी झाली.

"इतकं फेकायची काय गरज होती?" बायको म्हणाली. "आता त्यायले हरवान, अन् ते रुसतीन."

"मुलाकडचे आहेत, बाबा," पल्लवी म्हणाली. "मले हे लग्न करायचं आहे. तुमी फक्त एक करा. जिंकू नका!"

मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढे झुकावं, ही रीत मला मुळीच पटत नाही. पण पल्लवीचे डोळे भरले होते. मी शब्द दिला.

ठरल्या दिवशी गोविंदराव सपत्नीक आले. विहीणबाई आत बायकोकडे गेल्या आणि आम्ही दिवाणावर लॅपटॉप मधे ठेवून बसलो. माझ्या राजधानीचं नाव मी तामसी ठेवलं होतं, कारण ते बायकोचं माहेर. घनदाट जंगलाच्या ग्रहाला आमच्याकडच्या जंगलातल्या उटनूरचं. त्यांनी आपल्या ग्रहाला अर्थातच निर्मल हे नाव दिलं.

सुरुवातीला दोघंही चांगले पसरलो. मग मी हरायला लागलो. आधी अगदी नाजूकपणे. उटनूरवरचा पहारा काढून घेतला. कुणीही यावं आणि ग्रह खिशात घालून जावं, अशी सोय केली! गोविंदरावांनी पाहिलं, डोकं खाजवलं आणि आपली जहाजं भलतीकडेच पाठवली.

"अहो, उटनूर मोकळं आहे ना!" मला राहवेना.

"राहू द्या. तुमचं जंगल आहे, आमी काऊन घ्यावं?"

शेवटी मी तहाचं पान उघडलं आणि उटनूर त्यांना भेट देऊन टाकलं. त्यांनी पुढच्या पाळीत ते परत केलं, वर आपला एक ग्रह जोडून!

"हे काय, पाहुणे?"

"घ्या हो! रिकाम्या हातानं वापस करत नाहीत."

मी कसला ऐकतो! त्यांचा ग्रह, माझे दोन आणि वर जहाजांचा एक ताफा पाठवला. त्यांनी तीन पाठवले. ताटात जिलेबी पडावी तसे ग्रह पडू लागले. "नको, नको, झालं!" "एक तरी घ्याच!" "माझी शपथ आहे!" इतका आग्रह आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही होत नाही. अखेर मी डोळे मिटले आणि राजधानीच देऊ केली.

"तामसी घेऊन टाका!" मी ओरडलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझं माहेर कोणाले वाटून राह्यले हो?"

या देवाणघेवाणीत सैन्य सारखं प्रवासात होतं, त्यामुळे पहारा कुठेच नव्हता. कोपऱ्यात काहीतरी गुलाबी वळवळलेलं मला दिसलं होतं. पण पाहुण्यांना आग्रह करायचा सोडून बोंडअळीकडे कोण बघणार?

मी पोह्यांसाठी आणखी लिंबू आणायला उठलो. परत येताना दाराशी थबकलो. विहीणबाई बाहेर येऊन गोविंदरावांजवळ उभ्या होत्या आणि ते हळू आवाजात सांगत होते, "तू म्हणाली होती ना, पयल्याच दिवशी पोरीच्या बापाले हरवू नका म्हणून? मी इतका वेळ हरायलेच पाहून राह्यलो. पण हा माणूस मले हरू देत नाही! याले आयता दिलेला डाव बी जिंकता येत नाही बाप्पा! अन् म्हणे कोणी हरवलं नाही! खेळाचं एवढं वाढवून सांगते, तं पोरीचं काय काय वाढवून सांगतलं असंन?"

माझ्या हातातलं लिंबू खाली पडलं. पल्लवीची नोकरी खरी, शिक्षण खरं, तिच्या हाताची चव तर शंभर टक्के खरी! आणि ते सगळं माझ्या एका खोट्या पराभवापायी खोटं ठरत होतं.

म्हणजे आता जिंकणं भाग होतं! मी धावत येऊन दिवाणावर बसलो, बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "पाहुणे, सांभाळा! आता निर्मल घेतो!"

"कोणतं निर्मल?" गोविंदरावांनी शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला. निर्मल गुलाबी होतं. उटनूर गुलाबी होतं. जी घ्या म्हणून मी इतकी शपथ घातली, ती तामसी तर गर्द गुलाबी होती. दोघांची राज्यं बोंडअळीनं बसल्या जागी फस्त केली होती, आणि पडद्यावर खेळ संपल्याची पाटी झळकत होती.

गोविंदराव माझ्याकडे बघत होते, मी लिंबाकडे. पल्लवी दारात उभी होती, तिनंही सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, बोंडअळीनं मलाही नेलं असतं तर बरं झालं असतं.

तीच पुढे आली. "काका, बाबांची चूक नाही. मीच त्यायच्याकडून शब्द घेतला होता, जिंकायचं नाही म्हणून. ते तुमच्यासाठी मुद्दाम हरून राह्यले होते."

गोविंदरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग माझ्याकडे. आणि असे हसले की दिवाण हलला.

"म्हणजे तुमी बी? अरे बाप्पा! दोन राजे हरायले बसले, तं बोंडअळी काय उपाशी मरन?" ते डोळे पुसत म्हणाले. "मंग पोरीबद्दल जे सांगतलं, ते बी खरंच असंन!"

"तारीख आमी मघाच काढली," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचं आकाशातलं आटपायची वाट पाहत असतो, तं पोरं म्हातारी झाली असती."

मी हुश्श केलं. लग्न ठरलं, अब्रू वाचली, आणि माझी बढाईसुद्धा शाबूत राहिली! इथेच लॅपटॉप मिटायला हवा होता.

"आता आपण व्याही झालो," गोविंदराव म्हणाले. "आता एक डाव खरा. मानपान नाही, आग्रह नाही. होऊन जाऊ द्या!"

मी माझ्या सगळ्या सल्ल्यांची मनात उजळणी केली आणि जीव तोडून खेळलो. दोनच ग्रह घेतले, नीट पिकवले. स्वस्त जहाजं बांधली. शेजाऱ्याशी गोड बोललो, सीमेवर पहारा ठेवला, बोंडअळीवर करडी नजर ठेवली. पल्लवीनं आणलेला चहा निवायच्या आत गोविंदरावांनी तामसी घेतली, उटनूर घेतलं आणि माझं शेवटचं जहाज चंद्रामागे गाठून फोडलं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. "व्याही, तुमचा सोभावच मोठा. अजून बी मुद्दाम हरूनच राह्यले!"

मी घाम पुसला आणि नम्रपणे मान खाली घातली.

पल्लवीच्या लग्नाला आता बरेच महिने झाले. व्याही आले की लॅपटॉप उघडतो, डाव मांडतो आणि दर वेळी मी, अर्थातच, मुद्दाम हरतो.