पत्र्यावर दोन थापा

बाबांनी जेवणाच्या टेबलावर बेटाचा नकाशा पसरला आणि त्याच्या डाव्या काठावर चहाचा कप ठेवला.

"हा कप म्हणजे आपलं हॉटेल. पुढे समुद्र, मागे पोहायचा तलाव. आठवडाभर बाहेर पाऊल टाकायची गरज नाही."

आत्या उभ्यानेच वाकून बघत होती. सांगितल्याशिवाय ती कुठे बसत नसे, आणि सांगितलं तरी खुर्चीची पाठ धरून उभी राही, जणू घर कुठल्याही क्षणी ब्रेक मारेल.

"आणि बाकीचं बेट?" तिने विचारलं.

"बाकीचं म्हणजे?"

"कपाच्या बाहेरचं. तिथे कोण राहतं?"

"तिथले लोक राहतात, ताई. आपलं काय आहे तिथे?"

"मग बेटावर जायचं कशाला? कपातच बसायचं तर इथे काय वाईट आहे!"

आई हसली, बाबा हसले नाहीत. त्यांनी कप उचलला तेव्हा नकाशावर एक ओलं वर्तुळ उरलं होतं. आत्या त्याच्याकडे बघत म्हणाली, "माझी खोली मी बघून ठरवीन हं, बारक्या."

बाबांचं पोट त्यांच्या आधी खोलीत शिरतं आणि डोक्यावर केस औषधालाही नाहीत, पण आत्यासाठी ते अजून बारक्याच. आजोबा गेले तेव्हा ते शाळेत होते. त्याच वर्षी आत्या बसवर कंडक्टर म्हणून लागली. खाकी शर्ट, खांद्यावर चामड्याची बॅग. त्या बॅगेने तिचा डावा खांदा कायमचा उतरवला आणि बाबांना शिकवून साहेब केलं. बाबा हे सगळ्यांना सांगतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. तिला स्वतःला मात्र काही ठरवू देत नाहीत. कृतज्ञतेचंही कुंपण घालता येतं. त्याला फाटक ठेवायचं लोक विसरतात.

बसमध्ये ती वेगळीच असायची. लहानपणी मी कधी तिच्या बसने जायचे तेव्हा मला ती आत्या वाटायचीच नाही. "ओ दाराचे पाहुणे, आत सरका की! आत काय वाघ बसलाय?" असं ती दाराला लोंबकळणाऱ्या दांडग्या पुरुषांना म्हणायची, आणि ते सरकायचे. प्रत्येक थांब्यावर ती स्वतः खाली उतरायची. म्हाताऱ्याला हात द्यायची, कुणाचं गाठोडं घ्यायची, मागच्या चाकापाशी कोणी नाही ना ते वाकून बघायची आणि मग वर चढून ड्रायव्हरला खूण द्यायची. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिच्या बसमधली घंटीची दोरी नेहमी तुटलेली, म्हणून ती दाराशेजारच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायची. धप्, धप्. दिवसातून किती वेळा, देव जाणे. साऱ्या गावाला तिने विचारलं, "कुठे उतरणार?" तिला कोणी विचारलं नाही. बस सकाळी जिथून निघे तिथेच संध्याकाळी येऊन उभी राही, आणि तीही.

ती निवृत्त झाली तशी बाबांनी आमच्या घरातली मागची खोली रंगवून घेतली. तिची स्वतःची भाड्याची खोली बसथांब्याच्या वर आहे. धूर आणि आवाज खिडकीतून सरळ पलंगावर येतात. बाबांनी परस्पर तिच्या घरमालकाला सांगून टाकलं की बाई महिनाअखेर खोली सोडतील. आत्याला हे घरमालकाकडून कळलं. ती भांडली नाही. "बेटावरून आल्यावर बघू," एवढंच म्हणाली. बाबांनी तो होकार धरला. मला तिच्या आवाजात होकार ऐकू आला नव्हता.

हॉटेलात शिरताच एका हसऱ्या मुलीने आमच्या मनगटांना निळे प्लास्टिकचे पट्टे अडकवले.

"हे कशाला?" आत्याने विचारलं.

"आपण इथले पाहुणे आहोत हे कळावं म्हणून," बाबा म्हणाले.

"जन्मभर लोकांना तिकिटं दिली. आता मलाच चिकटवलंय!"

खोलीत पलंगावर टॉवेलांची बदकं करून ठेवली होती. तीन, माना वाकवलेली. आत्याने ती उचलून खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून झोपली. सकाळी किनाऱ्यावर गेली तर वाळूत फणी फिरवल्यासारख्या रेघा होत्या. "समुद्राला इस्त्री केलीय यांनी," ती म्हणाली. वाळूवर पुढे एक दोर बांधला होता. त्याच्यापलीकडे ती निघाली की पहारेकरी अदबीने वाकून तिला परत आणून सोडायचा. त्याच्या अदबीवर तिला रागावताही येत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

फाटकाबाहेरून एक बस जायची. बेटाला वळसा घालणारी, रंग उडालेली, खिडक्यांना काचा नसलेली. आत्याने तिचा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता.

"एक चक्कर, बारक्या. बसमध्ये बसायला तरी परवानगी आहे ना?"

"ताई, परवानगी कसली! तू म्हणशील तसं." आणि तिने म्हटलं तसं आपण करतोय हे सगळ्यांना दिसावं म्हणून बाबा स्वतः आले, आईला आणलं, मलाही.

त्या बसला कंडक्टर नव्हता. लोक उतरताना ड्रायव्हरच्या हातात नाणी ठेवायचे आणि शेवटचा उतरणारा पत्र्यावर थापा मारायचा. थापा ऐकल्या की ड्रायव्हर मागे न बघता गाडी हाकायचा. आत्या हे बघून अस्वस्थ झाली. "दाराशी कोणीच नाही गं," ती मला म्हणाली. तिचे हात मांडीवर नुसते वळवळत होते. दोन थांबे गेले. मग पिशवी आईकडे देऊन ती उठली आणि मागच्या दाराशी दांडीला धरून उभी राहिली. तिथे उभी राहिल्यावर तिचा चेहरा निवला.

बेटाच्या मागच्या अंगाला वाळू नव्हतीच. खारफुटी, चिखल, पालथ्या घातलेल्या होड्या. एका टपरीवजा थांब्यावर बस थांबली. कच्च्या केळ्यांच्या दोन टोपल्या घेतलेली एक म्हातारी पायरीवर अडकली होती. आत्या उतरली. टोपल्या खाली घेतल्या, म्हातारीला हात दिला, मागच्या चाकापाशी वाकून बघितलं. मग वर चढायच्या आधीच पत्र्यावर दोन थापा मारल्या.

आणि बस निघाली.

मागच्या खिडकीतून मी तिला बघितलं. धुरळ्यात ती उभी होती, थाप मारलेला हात अजून वरच. तिने आधी बसकडे बघितलं, मग त्या हाताकडे.

"थांबवा! अहो, थांबवा!" बाबा ओरडले, आपल्या भाषेत. ड्रायव्हरने आरशात बघून मान डोलावली आणि गाण्याचा आवाज वाढवला. हातवारे करून त्याला समजेपर्यंत थांबा खारफुटीमागे गेला होता. रस्ता इतका अरुंद की बस वळवणं अशक्य, आणि मध्येच उतरू द्यायला ड्रायव्हर तयार नव्हता. तिची पिशवी, तिचा फोन आईच्या मांडीवर. उरलेला वळसा बाबा बाकड्याच्या कडेवर बसून होते. हॉटेलात पोचताच त्यांनी एक गाडी ठरवली आणि आम्ही उलट्या बाजूने निघालो. आई हॉटेलातच थांबली, ताई तिकडे आल्याच तर म्हणून.

मधल्या वेळात काय झालं ते आत्याने मला नंतर सांगितलं. "आधी घाबरले. खोटं कशाला बोलू! भाषा येत नाही, पिशवी गेली, पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. रडूच येणार होतं. मग म्हटलं, अगं बाई, उतरलीस की तू."

मग तिने खोली शोधायला घेतली. तळहातावर गाल टेकवायचा आणि भुवया उंच करायच्या, एवढ्या भाषेवर. टायरवाल्याने तिला दुकानामागची नवीकोरी खोली दाखवली. फरशी, पंखा, सगळं होतं, खिडकी नव्हती. तिने मान हलवली. मग चष्मेवाल्या एका बाईने घरी नेलं. स्वच्छ घर, पलंगावर भरतकामाची चादर. पण ती बाई घड्याळावर बोट ठेवून विचारू लागली, कधी जाणार, कधी येणार, दार कधी लावायचं. आत्याने हात जोडले आणि बाहेर पडली. केळीवाली म्हातारी तिच्या मागोमाग फिरतच होती. तिने आत्याचा पदर ओढला आणि तिला जाळी विणायच्या शेडवरच्या माडीत नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. आत्या माडीच्या जिन्यावर बसली होती. बसली होती. कोणी न सांगता.

"ताई! जीव टांगणीला लागला होता आमचा! काय केलंस हे?"

"थाप मारायला हात गेला रे, सवयीने."

"हात गेला? मुद्दाम केलंस तू!"

"नाही. हात गेला तो चुकून. पण आता इथे राहणार आहे ती मुद्दाम, आपण परत निघेपर्यंत. वर चल, खोली बघ."

खोलीत एक खाट, एक खिळा, कुणा उंच माणसाने लावलेला आरसा ज्यात आत्याचं फक्त कपाळ दिसायचं. डांबराचा आणि ओल्या दोराचा वास. खिडकीला लाकडी झडप. ती उघडली की रस्त्याचं वळण दोन्ही बाजूंनी दिसे, आणि चिखलापलीकडे समुद्र, कुणी न विंचरलेला. खिळ्यावर निळा पट्टा लटकत होता, चाकूने कापलेला.

"इथे डास फोडून काढतील तुला," बाबा म्हणाले.

"तुझ्या मागच्या खोलीत काय फुलपाखरं येतात?"

"आजारी पडलीस तर?"

"पडेन. तिकडे पडले असते तर ती बदकं बसणार होती का उशाशी?"

"लोक काय म्हणतील, बहिणीला कुठे टाकून आला?"

"इथे तुझे लोक कोण आहेत, बारक्या? ही म्हातारी? ती तर तुझ्या पोटाकडे बघून कौतुकाने हसतेय."

म्हातारी खरंच हसत होती. मलाही हसू आलं. बाबा खाटेवर बसले आणि खाट कुरकुरली. "मी सगळं तुझ्यासाठीच करतो ना, ताई?" त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

आत्याने त्यांच्या टकलावर हात ठेवला. "करतोस. सगळं तूच करतोस. म्हणून तर मला काही करायला उरत नाही." तिने हात काढला नाही. "माझ्या घरमालकाला तूच सांगितलंस ना? आता तूच सांग. बाई खोली सोडत नाहीत."

"आणि मी रंगवून घेतली ती खोली?"

"छान रंगवलीस. येईन की चार दिवस, पाहुणी म्हणून. मनगटाला पट्टा तेवढा बांधू नकोस."

"त्या धुरात राहणार? त्या आवाजात?"

"माझा धूर आहे तो."

बाबांनी झडपेतून बाहेर डोकावून बघितलं. मग त्यांनी हॉटेलातून आणलेली तिची पिशवी खिळ्याला अडकवली, पट्ट्यावरच, आणि जिना उतरले.

गाडी सुरू झाली. ड्रायव्हर बाबांकडे बघत होता, बाबा खिडकीतून आत्याकडे. ती गाडीच्या मागे उभी होती, हात पाठीशी बांधून.

"दे की थापा," बाबा म्हणाले.

"मी का देऊ? ती माझी गाडी नाही."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि दाराच्या पत्र्यावर एक थाप मारली, जोरात. ड्रायव्हर दचकून थांबला. हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं आता ते उतरतील, तिला दंडाला धरून आणतील, आणि ती येईलही कदाचित. आत्या जागची हलली नाही. हनुवटी वर करून बघत राहिली.

मग त्यांनी दुसरी थाप मारली.

वळणावरून मी मागे बघितलं. आत्या आमच्याकडे बघत नव्हती. सपाता हातात घेऊन ती अनवाणी चिखलातल्या पायवाटेने होड्यांच्या दिशेने निघाली होती, आणि ती म्हातारी मागून काहीतरी ओरडून तिला दुसरीच वाट दाखवत होती. आत्याने तिलाही हातानेच सांगितलं, नको, मी बघते.