पाटावरचं हँडल

१९६४ साली सरदार शेख उस्मानाबादच्या पॉवर हाऊसमागं, पत्र्याच्या एका खोलीत ज्युनियर इंजिनियरांचा वर्ग घ्यायचा. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. शाळा सुटली की त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. विजेतलं मला काही कळत नसे. सरदार शब्द जपून वापरायचा, ते ऐकायला आवडे.

आम्ही दोघे तेरचे. सुरुवातीच्या इयत्ता एकाच खोलीत उर्दूतून शिकलो. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मी मराठीकडे वळलो आणि तो पुण्याला डिप्लोमाला गेला. पुढं एका इंजिनांच्या कारखान्यात त्यानं काही वर्षं काढली. तिथं एक पेटी तयार होई. गावची वीज गेली की ही पेटी डिझेल इंजिन आपोआप सुरू करी आणि त्याची वीज दवाखान्याला जोडून देई. पेटी तयार करणाऱ्यांत सरदार होता. आतली रचना बाहेर सांगणार नाही, असं त्यानं कारखान्याला सही करून दिलं होतं. मग ती नोकरी सोडून तो वीज खात्यात आला.

वर्गाचे विषय दोन. वीज गेल्यावर दवाखाना, पाणीपुरवठा अशा ठिकाणी तातडीची वीज देण्याचे नियम, हा पहिला. नोकरी बदलणाऱ्या इंजिनियरनं कारखान्याची कोणती गोष्ट पोटात ठेवायची, हा दुसरा.

एकदा कळंबच्या मल्लिनाथनं विचारलं, "सर, त्या पेटीत असतं तरी काय?"

"असतं ते कारखान्याचं असतं."

"पण ती तुम्हीच बनवली म्हणतात."

"म्हणूनच सांगत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "घरी बेगमसाहेबांना तरी सांगितलंय का, सर?"

"तिनं विचारलंच नाही. तुमच्यापेक्षा अक्कल जास्त आहे तिला."

वर्ग हसला. सरदारनं फळ्यावर लिहिलं : रीत गुपित असते. धोका गुपित नसतो. मग नेहमीसारखे हात पुसून खडू खिशात टाकला.

कारखान्याचा या वर्गाला पैशाचा हातभार होता. औरंगाबादला त्यांचं ऑफिस निघणार होतं आणि ते सरदारकडं द्यायचं घाटत होतं. त्याच्या बायकोनं, नूरजहाँभाभींनी, तिकडच्या शाळांची चौकशीसुद्धा केली होती.

गावात एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्यानं ती पेटी घेतली होती. तिथं इंजिनाच्या खोलीत बब्रुवान नावाचा वयस्कर माणूस कामाला होता. सरदारचा नियम असा, की दर महिन्याला मुद्दाम वीज तोडायची आणि पेटी चालते का ते पाहायचं. त्या महिन्यात हा दिवस नेमका खंडेनवमीला आला. मी सरदारबरोबर गेलो होतो. बब्रुवाननं पाने, पक्कड आणि एरवी खुंटीवर असणारं, इंजिन हातानं फिरवायचं हँडल धुऊनपुसून पाटावर मांडलं होतं. त्यांना हळदकुंकू लावलं होतं. पेटीलाही झेंडूची माळ होती.

"सायेब, आज हत्याराला हात लावत न्हाईत," बब्रुवान म्हणाला. "उद्या दसरा झाला की बघू."

सरदार जरा थांबला. पूजा त्याची नव्हती. त्यामुळं हट्ट धरणं त्याला बरं वाटलं नसावं. "बरं मामा, परवा बघू," तो म्हणाला. बब्रुवाननं नारळ फोडला, पाणी पेटीवर शिंपडलं आणि आम्हाला खोबरं दिलं. आम्ही ते खातच बाहेर पडलो.

त्याच दुपारी गावची वीज गेली. दवाखान्यात गिरिजाबाई नावाच्या बाईचं बाळंतपण अडलं होतं. तिचं पोट उघडलेलं होतं. पेटी चालली नाही. बब्रुवाननं पाटावरचं हँडल उचललं आणि इंजिन हातानं फिरवून सुरू केलं. तोवर डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात हात चालवला. बाई वाचली. मूल गेलं.

चौकशीला कारखान्याकडून आण्णासाहेब नावाचे मॅनेजर आले. ट्रस्टची मंडळी, सरदार आणि बब्रुवान समोर होते. मी दाराशी उभा होतो.

आण्णासाहेब म्हणाले, "नारळाचं पाणी आत गेलं. अडाण्याच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं."

"म्या तर दरसाल शिंपडतोय, सायेब," बब्रुवान म्हणाला.

ट्रस्टचे एक गृहस्थ म्हणाले, "मग याला काढून टाकावं, आणि विषय संपवावा."

सरदार उठला. "पाण्यानं झालेलं नाही. पाणी जिथं पडलं तिथं आत जायला वाट नाही. इंजिनाच्या उष्म्यानं आतली एक स्प्रिंग ढिली पडते. कारखान्याला हे ठाऊक आहे. मी तिथं असतानाच कळलं होतं."

"शेख, तुम्ही सही केली आहे," आण्णासाहेब म्हणाले.

"केली आहे. स्प्रिंग कशाची आणि कशी करतात, ते मी सांगणार नाही. पण ती ढिली पडते, हे सांगणार."

मग तो ट्रस्टच्या लोकांकडं वळला. "त्या सकाळी चाचणी घेतली असती तर हे तेव्हाच दिसलं असतं. ती मी पुढं ढकलली. मामांनी नाही. ते लिहून घ्या."

मी त्याच्याकडं पाहतच राहिलो. औरंगाबाद गेलं, हे त्याला माझ्याआधी कळलं असणार.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "स्प्रिंगची रीतही सांगून टाकायचीस. त्यांनी काय तुझी लाज राखली?"

"रीत त्यांची आहे, मास्तर."

"आणि इतकी वर्षं धोका का नाही सांगितलास?"

तो चालत राहिला. मग म्हणाला, "फळ्यावर लिहीत होतो. वाटायचं, तेवढ्यानं भागतं."

वर्ग बंद झाला. सरदारची बदली तामलवाडीकडच्या लाइनवर झाली. कारखान्यानं काही न बोलता दवाखान्याला दुसरी पेटी पाठवली. बब्रुवान कामावर राहिला.

पुढच्या खंडेनवमीला मी दवाखान्यावरून चाललो होतो. इंजिनाचा आवाज आला म्हणून आत डोकावलो. पाट रिकामा होता. झेंडूची माळ खिळ्याला टांगलेली होती. बब्रुवान पेटीसमोर उभा होता.

"आधी चालवून बघतो," तो म्हणाला. "मग पूजा. आन् हँडल पाटावर न्हाय ठेवत आता. त्याला तिथं खुंटीवरच कुंकू लावतो."