पपईच्या देठाचा भोंगा

भाऊबीजेला आत्यानं ओवाळणीत माझी धाकटी बहीण मागितली, तेव्हा मला असा संताप आला की तबकातली सुपारी उचलून तिच्या कपाळावर हाणावी. हाणली नाही, एवढंच.

आत्या मंद्रूपची. पोटी मूल नाही, दारात शेळ्या मात्र पंधरा-वीस. दरसाल ती ज्वारीच्या गाडीत बसून सोलापूरला यायची, आबांना ओवाळायची आणि खण घेऊन जायची. त्या साली तिनं खण परत सारला.

"खण नगं, भावा. ही पोर माज्या वटीत घाल," ती म्हणाली. "चार वरसाची झाली, तोंडातनं शबुद न्हाय. हितं गल्लीतली पोरं मुकी मुकी म्हनून हसत्यात. माज्या शेळ्या कुनाला हसत न्हाईत."

ओवाळणीला नाही कोण म्हणणार? आबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, विणकर. दिवसभर त्या खडखडाटात राहून घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे. पण त्या दिवशी पाटावर बसून तबकातल्या अक्षता चिवडत राहिले. बोलली ती आईच.

"वन्सं, पोर बोलती असती तर मागितली असती का?"

"न्हाय की! गाडी परत जायाला चार दीस हायती. तवर एक शबुद बोलू द्या, मी हात लावनार न्हाय. द्येवाची आन."

एक शब्द! मी नऊ वर्षांची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मनात म्हटलं, चार दिवस लई झाले, दोन दिवसांत बोलती करते, बघाच.

आईनं आधीच सगळे उपाय करून पाहिले होते. जिभेला वेखंड लावून झालं होतं, पोपटानं उष्टावलेला पेरू चारून झाला होता. मी माझा उपाय काढला. धाकटीला भिंतीशी उभी केली आणि "आई म्हन, आई म्हन" असा जप लावला. पन्नासदा तरी म्हटलं असेल. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली आणि शेवटी माझ्या पडलेल्या दाताच्या जागी बोट घालून बघितलं. मी चिमटा काढला. तिनं भोकाड पसरलं, आईनं मला धपाटा घातला, आणि माझी शाळा पहिल्याच दिवशी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, अंगणात मिल काढली. दिवाळीची सुट्टी होती आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. त्याला तसलं घर सोसायचं नाही. त्यानं बाज उलटी केली. चार पाय वर, झाला साचा! आमच्या भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांचं घर होतं. घरातच माग, दिवसभर खटक-खटक. त्यांची पोर माझ्याएवढीच. तिनं तुटक्या सुताचा हा एवढा गुंता आणला आणि बाजेच्या पायांना असे झरझर धागे ताणले की आम्ही बघतच राहिलो. धाग्यांतून इकडून तिकडे फेकायचा धोटा म्हणून दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड. दादा जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम, कारण तो थोरला आणि त्याला ओरडायला आवडायचं. मी विणकर. शेजारीण तुटलेले धागे सांधणारी.

"हिला काय करायचं?" मी धाकटीकडे बोट केलं.

"भोंगा!" दादा म्हणाला. "भोंग्याला कुटं बोलाय लागतंय?"

शेजारणीच्या अंगणात पपईचं झाड होतं. त्याच्या पानाचा लांब पोकळ देठ तोडला, शेंड्याला चीर दिली आणि धाकटीच्या हातात दिला. तिनं गाल फुगवले आणि फुंकला. अगं आई गं! काय तो आवाज! कावळे उडाले, आमची हसून पोटं दुखली, आणि तिचे डोळे असे लकाकले की मी चिमट्याबद्दल मनातल्या मनात कान पकडले.

सोलापुरात तेव्हा घड्याळ कुणाच्या घरी होतं? मिलचा भोंगा हेच घड्याळ. पहिला भोंगा उठवायचा, दुसरा घराबाहेर काढायचा, तिसऱ्याला फाटक बंद आणि दिवसाचा खाडा. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा जेवायला आले होते. पिठल्याचा दुसरा घास तोंडात, तोच भोंगा झाला. आबा ताडकन उठले, हात न धुताच पायताणात पाय घातले आणि धावत सुटले. त्यांच्या मागं गल्लीतले आणखी दोघं. थोड्या वेळानं तिघंही परतले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं, अजून जेवणसुट्टी सरली नाही म्हणून, त्यांना हसत हसत माघारी धाडलं होतं.

आता मार बसणार! मी धाकटीला पाठीशी घातली. पण आबा तिच्यापुढं उकिडवे बसले. बोटाला पिठलं तसंच वाळलेलं.

"वाजीव बरं परत."

तिनं वाजवला. लांबलचक सूर, आणि शेवटाला एक आचका.

"आरं तिच्या!" आबा ओरडले. "आपल्या मिलचा भोंगा सरताना आसाच आचका देतोय! त्यो बी काढला की पोरीनं! ही बहिरी न्हाय. हिचे कान माज्यापक्षा तिखट हायती!"

आम्ही बाजेभोवती नाचलो. आईनं पदर डोळ्यांना लावला. आत्यानंही कौतुकानं बघितलं, पण म्हणाली, "फुकणं म्हंजे बोलनं न्हवं, भावा." खरंच होतं ते. म्हणून तर मला आणखी राग आला.

त्याच दुपारी आमच्या अंगणातल्या मिलमध्ये भांडण झालं. दादा जॉबरच्या तोऱ्यात ओरडला, "साचा चालू!" मी धोटा फेकला आणि शेजारणीनं हातातले धागे सोडून दिले. सगळा गुंता! दादा पुन्हा ओरडला, "आगं चालू! चालू!" ती आणखी मागं सरून हाताची घडी घालून उभी राहिली. मी जाऊन तिची वेणीच धरली.

"तुमीच चालू म्हणता, मग मी थांबली!" ती रडत म्हणाली.

आरडाओरडा ऐकून तिची आई भिंतीवरून डोकावली आणि हसत सुटली. त्यांच्या बोलीत 'चालू' म्हणजे बास, पुरे. ताटात भात वाढताना बास म्हणायचं तर ते लोक चालू म्हणायचे! घ्या आता! आमचं चालू ते त्यांचं बंद. मी वेणी सोडली, तिला माझ्या वाटणीची करंजी दिली, आणि मग आम्ही त्याचाच खेळ केला. दादा "चालू" म्हणायचा, अर्धी मिल पळायची, अर्धी थांबायची. धाकटी मधोमध बसून टाळ्या पिटत होती. ती तर त्या घरची रोजचीच जेवणारी, त्यांच्या पंगतीत मांडी घालून भात ओरपणारी. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण मी पडले तापट, मला नेहमी उशिराच सुचतं.

चौथा दिवस उजाडला. आबा पहिल्या भोंग्याच्याही आधी निघून गेले. धाकटीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघवलं नसतं त्यांना. आईनं तिचे दोन परकर, एक कुंची आणि पपईचा देठ गाठोड्यात बांधला. गाडीवान दारात येऊन हाका मारू लागला. मी कोपऱ्यात तोंड फिरवून बसले होते. हरले होते ना.

"दोन घास खाऊन घे, माजी बाय," आत्या म्हणाली. तिनं वाडग्यात भाकरी कुस्करली आणि वर दूध ओतलं. धाकटीनं खाल्लं. आत्यानं आणखी ओतलं. धाकटीनं वाडग्यावर हात धरला.

"चालू," ती म्हणाली.

आईच्या हातातली पळी खाली पडली.

"बोलली!" आत्या किंचाळली. "चालू म्हनती! भूक लागलीया माज्या लेकराला!" आणि ओतलं की आणखी दूध.

"चालू!" धाकटी ओरडली. आत्यानं आणखी ओतलं. "चालू! चालू!" दूध वाडग्यातून परकरावर, परकरावरून जमिनीवर, मांजर धावत आलं, आणि आत्या रडत रडत ओततेच आहे!

"आत्या, बास! ती बास म्हनतीया!" मी तिचा हातच धरला.

"चालू म्हंजे बास? ही कुटली भाषा?"

मी भिंतीवरून हाक मारली. शेजारीण आणि तिची आई दोघी धावत आल्या. तिच्या आईनं धाकटीला पोटाशी धरलं आणि आत्याला हातानं खूण करून सांगितलं, "चालू अंटे... बास! पुरे!"

आत्या पदरानंच भिजली जमीन पुसायला लागली. गाडीवानानं पुन्हा हाक दिली. मग तिनं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडली.

"एक शबुद म्हनले हुते मी," ती आईला म्हणाली. "कुटल्या बोलीतला, ते म्हनले नव्हते."

खण तेवढा घेऊन ती गाडीत चढली. चाक हललं तेव्हा ती पदरात तोंड घालून हुंदके देत होती. चार दिवस जिचा राग राग केला, तिच्यासाठी माझा जीव गलबलला. मी गाडीमागं कोपऱ्यापर्यंत पळत गेले आणि डब्यातली उरलेली करंजी तिच्या हातात कोंबली.

संध्याकाळी आबा आले. रोज उंबऱ्यातूनच विचारायचे, "काय बोलली का?" त्या दिवशी विचारलं नाही. खाली मान घालून पायताण काढत राहिले. तेवढ्यात आतून भोंगा झाला, शेवटच्या आचक्यासकट. आबांच्या हातातलं पायताण गळून पडलं.

त्यांनी तिला उचललं आणि पटापट मुके घ्यायला लागले. आठवड्याची दाढी तिच्या गालाला टोचत होती. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं तोंड ढकललं.

"चालू!"

"काय म्हनली? चालू?" आबा आनंदानं गरजले. "व्हय गं माजी बाय, चालू! चालूच!" आणि आणखी मुके घेत सुटले.

ती ओरडत होती चालू, ते म्हणत होते चालू. अर्थ त्यांना आम्ही कुणीच सांगितला नाही.