मोटारीचा मोडेम आणि माझा हातगुण

आमच्या विहिरीवर सहा वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर होता, आणि तो जगात फक्त माझं ऐकायचा.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड. आज त्या बाईकडं मागं वळून बघते तेव्हा वाटतं, हिला कुणीतरी वेळीच चार शब्द सुनावायला हवे होते.

भानगड सुरू झाली ती लग्नावरून. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाचं लग्न परळीत ठरलं होतं. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत माझ्या माहेरच्या एकाही लग्नात पाऊल टाकलेलं नव्हतं. कारण एकच, मोटार कोण चालू करणार? घाटनांदूरच्या शिवारात लाइट कधी येईल नि कधी जाईल ह्याचा नेम नाही. ती आली की विहिरीवर जाऊन बटण दाबायचं, आणि ते बटण ह्यांनी जन्मात दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. (लाइट आली की आपोआप सुरू होणारा स्विच एकदा बसवला होता. माणसाला न विचारता सुरू होते म्हणजे काय, असं म्हणून ह्यांनी तो उपसून काढला.) त्यामुळं प्रत्येक मांडवात मी एकटी. पाहुणे कुठंयत असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "मोटारीपाशी." माझ्या एका दूरच्या आत्याची तर बरीच वर्षं समजूत होती की ह्यांनी दुसरा संसार थाटलाय आणि तिला चारचाकी घेऊन दिलीय.

ह्या लग्नाला मात्र मी ह्यांना नेणारच, असं बहिणीला छातीठोकपणे सांगून बसले होते. मग नातीला, पल्लवीला गळ घातली. ती तेव्हा अंबाजोगाईला होस्टेलवर राहून डिप्लोमा करत होती. तिनं दोन रविवार खपून यंत्र बनवलं. पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, त्याच्या पाठुंगळी बसलेली दुसरी हिरवी पाटी, तिच्या पोटात सिमकार्ड आणि कडेला बोटभर अँटेना. ह्या पाठुंगळीच्या पाटीचं नाव मोडेम. मोबाइलवरून 'चालू' असा मेसेज टाकला की मोडेम तो झेलणार, खालच्या कॉम्प्युटरला सांगणार, की मोटार सुरू. वर उलट निरोप येणार, 'आजोबा, मोटार चालू झाली.'

ह्यांनी अट घातली. लग्नाआधी सलग दोन दिवस यंत्र बिनचूक चाललं तरच परळी, नाहीतर मी आपली एकटी. लग्नाला आठ दिवस होते.

पल्लवीनं रविवारी यंत्र विहिरीवरच्या खोलीत बसवलं. छान चाललं. ती होस्टेलला परत गेली. मी त्यानंतर फक्त एकच केलं. खारी वायरी कुरतडतात, म्हणून यंत्र कुरडयांच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं, तळाला खिळ्यानं भोक पाडून वायरी बाहेर काढल्या आणि झाकण गच्च लावलं. एवढ्या साध्या गोष्टीचा गाजावाजा काय करायचा?

सोमवारी ह्यांनी ओसरीवरून मेसेज टाकला. मोटार ढिम्म. पुन्हा टाकला. मग 'बंद' टाकून 'चालू' टाकला, पुन्हा 'बंद' टाकला. मग 'चालू हो' असा टाकला. (यंत्राला आदरानं सांगावं असं मी सुचवलं, तेव्हा 'कृपया चालू' असाही एक गेला.) शेवटी मी विहिरीवर जाऊन डबा उघडला. मिनिटभर बघत बसले, आणि अडकून पडलेले सगळे मेसेज एका दमात येऊन पोचले! मोटार चालू, बंद, चालू, बंद. उचकी लागल्यासारखी ती बया खोकत राहिली आणि पाइपातून पाणी पिचकारीसारखं उडालं. मी झाकण लावलं. पुन्हा ढिम्म.

पल्लवीला फोन केला. ती म्हणाली, मोडेम टॉवरशी बोलताना एकदम जास्त करंट खातो, चार्जर मरतुकडा असंल. ह्यांनी नवा जाड चार्जर आणला. मी डबा उघडून तो बसवला, यंत्र चाललं, झाकण लावलं, बंद पडलं. मग सिम बदललं. उघडलं, चाललं, लावलं, बंद. तिनं विचारलं, "आजी, मोडेमवरचा दिवा कसा लुकलुकतोय? भराभर म्हंजे टॉवर हुडकतोय, सावकाश म्हंजे सापडला." मी डबा उघडून दिव्यासमोर मांडी घातली. "आधी भराभर करत होता, आता सावकाश करतोय गं."

"मग सापडला की! आता टाका मेसेज."

मी झाकण लावलं आणि ह्यांना खूण केली. ढिम्म.

बुधवारपर्यंत एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती. मी जवळ जाऊन बसले की यंत्र चालतं, मी उठले की बसतं. हे तोंड पाडून म्हणाले, "माझं ऐकत न्हाई. तुजंच ऐकतंय."

इथं मी खरं तर गप्प बसायचं होतं. पण बासष्टीचा उन्माद! हा माझा हातगुण आहे, असं मी स्वतःच जाहीर करून टाकलं. शेजारची कावेरी तिचा बंद पडलेला मोबाइल घेऊन आली. मी त्यावर हात फिरवला. (तो चालू झाला नाही, पण कावेरी म्हणाली, गरम लागतोय.) दुसऱ्या दिवशी एक टॉर्च, एक मिक्सर आणि एक न रवंथ करणारी म्हैस आली. म्हशीनं मात्र माझी लाज राखली.

पण हातगुणानं माझाच घात केला. हे म्हणाले, यंत्र तुझ्याशिवाय चालत न्हाई, तर तू इथंच थांब, लग्नाला मी जाऊन येतो. चाळीस वर्षांनी हे माझ्या माहेरी निघाले, आणि मी विहिरीवर! शुक्रवारी मी पल्लवीला रडवेल्या आवाजात फोन केला.

"आजी, शेवटचं बघ. अँटेना सरळ उभा हाय ना?"

"हाय की. झाकण बसंना म्हणून जरासा वाकवलाय."

"कशाचं झाकण?"

"डब्याचं."

मग फार हळू आवाजात, "आजी, डबा कशाचा हाय?"

"स्टीलचा!" मी अभिमानानं म्हणाले. "प्लास्टिकला काय, घूस बी भोक पाडती."

स्टीलच्या बंद डब्यात टॉवरचा आवाज पोचत नाही, हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं. पुढची पाच मिनिटं ती नुसती हसत होती आणि तिच्या मागं होस्टेलच्या साऱ्या पोरी. यंत्र फरसाणाच्या प्लास्टिकच्या बरणीत गेलं. शनिवार-रविवार बिनचूक चाललं, आणि सोमवारी आम्ही दोघं परळीला.

मांडवात ह्यांनी ऐन अक्षता टाकायच्या वेळी मेसेज टाकला. उत्तर आलं, ते त्यांनी नवरदेवाच्या मामाला दाखवलं, मग भटजीला दाखवलं. मग मोकळ्या मनानं भातात मीठ कमी हाय असं म्हणाले, माझ्या भावाला हिशेबाचं डोकं न्हाई असं म्हणाले, आणि नवरी उंचीला नवरदेवापेक्षा जास्त हाय हे व्याह्यांना बोलावून दाखवलं. त्यानंतर माझ्या माहेरचं एकही बारसं, एकही जावळ त्यांनी चुकवलेलं नाही. आता तर आमंत्रण नसलं तरी निघतात.

परवा बहिणीचा फोन आला होता. फार मायेनं विचारत होती, "अगं, तो कुरडयांचा डबा अजून हाय का गं तुझ्याकडं?"